दीड किलोची थाप

मित्रांनो, एक गंमत करा. डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या डोक्यात एक कडी आहे आणि त्या कडीने तुम्हाला दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला टांगले आहे. घाबरू नका, दुखत नाही. तुमच्या पायाशी एक आकडा आहे. त्या आकड्यात कुणीतरी गच्च भरलेली बॅग अडकवली आहे. तुमच्या पोटातली स्प्रिंग हळूहळू लांब होते, पोटावरचा काटा खाली खाली सरकतो, आणि घरातली सगळी माणसे श्वास रोखून तुमच्या पोटाकडे बघत उभी राहतात. कसे वाटते? मला विचाराल तर याहून मोठा मान नाही.

मी एक जुना ताणकाटा आहे. अंग पत्र्याचे, लांबी वितीपेक्षा थोडी जास्त, पोटावर शून्यापासून पन्नासपर्यंतचे आकडे. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे तारेला पीळ देऊन स्प्रिंगा तयार करणारी एक बाई होती. प्रत्येक स्प्रिंग ती कानाजवळ न्यायची आणि टिचकी मारून ऐकायची. माझी स्प्रिंग ऐकून ती शेजारणीला म्हणाली, “हा काही खोटं बोलायचा नाही, बघ.” ते वाक्य मी पोटात जपून ठेवले. म्हणूनच पुढे जे झाले ते मला फार लागले.

माझी पहिली नोकरी एका रद्दीवाल्याच्या दुकानात. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, भरलेल्या वह्या, पाठ मोडलेली पुस्तके असे सगळे मी तोलले. रद्दीवाला मोठा नेकीचा माणूस होता. वजन करण्याआधी तो गिऱ्हाइकाला मला रिकामा दाखवायचा आणि म्हणायचा, “आधी शून्य बघून घ्या, साहेब. मग पुढचं बोलू.” दिवसातून पन्नास वेळा तो हे म्हणायचा आणि पन्नास वेळा माझी छाती फुगायची.

त्या दुकानात एक बाई यायच्या. पुस्तकबांधणी हा त्यांचा व्यवसाय. रद्दीत आलेल्या फाटक्या पुस्तकांतून चांगली निवडून त्या घेऊन जायच्या आणि नवी पाठ, नवे पुठ्ठे लावून त्यांना पुन्हा उभे करायच्या. रद्दीवाला म्हातारा झाला, दुकान बंद करायची वेळ आली, तेव्हा त्याने मला त्यांच्या हाती दिले. म्हणाला, “तुम्ही मोडलेल्याला टाकत नाही. हा तुमच्याकडे सुखी राहील.”

असा मी या घरी आलो. खाली बांधणीचा कारखाना, वर राहायच्या खोल्या. कारखाना कसला, एक लांब टेबल, कागद कापायचे यंत्र, खळीचे पातेले आणि दोऱ्याची रिळे. त्या बांधणीवाल्या बाईंना घरातली लहान मुलगी आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. घरात आत्याचे वडील होते. आयुष्यभर घड्याळे दुरुस्त केलेले ते आजोबा. मोठी माणसे त्यांना अण्णा म्हणत. आत्याचा धाकटा भाऊ बेकरीत पाव भाजायचा. त्याची बायको शाळेत शिकवायची आणि घरात याद्या करायची. आणि या दोघांची नऊ वर्षांची मुलगी होती मुंगी. दोन वर्षांची असल्यापासून ती आपल्यापेक्षा मोठ्या वस्तू उचलून चालायची, म्हणून हे नाव पडले. उशी, बादली, एकदा तर आजोबांची आरामखुर्ची!

आता माझ्या अपघाताविषयी सांगतो. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मुंगीच्या बाबांना गोड कमी खायला सांगितले. बेकरीत काम करणाऱ्या माणसाला असे सांगणे सोपे, पाळणे अवघड. तरी त्यांनी एक आठवडा पाळले आणि रविवारी सकाळी जाहीर केले, “मी कापसासारखा हलका झालोय. दाखवू?” असे म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी माझा आकडा धरला आणि पाय वर घेतले.

मित्रांनो, मी पन्नास किलोंसाठी जन्मलो होतो. बाबा ऐंशीच्या पुढचे होते.

माझ्या पोटातून जो आवाज आला, तो मी पुन्हा कधी काढला नाही. पुढच्याच क्षणी बाबा फरशीवर बसलेले होते आणि सगळे घर पोट धरून हसत होते. मी सोडून. माझी स्प्रिंग थोडी लांबली होती ती लांबलीच. त्या दिवसापासून मी रिकामा असलो तरी काटा शून्यावर जाईना. दीडवर थांबू लागला. जे काही तोलावे ते दीड किलोने जास्त! मग मुंगीच्या आईने एका कागदावर ‘दीड वजा करा’ असे लिहिले आणि तो माझ्या पाठीवर चिकटवला. बाबांनी मला नाव ठेवले थापाड्या.

आळीत कुणीही प्रवासाला निघाले की माझी आठवण व्हायची. “थापाड्याला द्या हो जरा!” मी जायचो, काम करायचो. लोक मुकाट दीड वजा करायचे आणि मला परत खिळ्याला लटकवायचे. कुणी रागावत नव्हते. पण दुरुस्तही करत नव्हते. घरात एक घड्याळजी बसलेला असताना चार वर्षे मी थापा मारत होतो. सवय झाली की माणसांना चूक दिसेनाशी होते, एवढेच मी म्हणेन.

आणि मग तो दिवस उजाडला. आत्या निघणार होती. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या ग्रंथालयात वाळवीने खाल्लेली, पाण्याने भिजलेली शेकडो वर्षांपूर्वीची पुस्तके कशी वाचवायची हे शिकायला, पूर्ण एका वर्षासाठी. दुपारी चारला गाडी येणार होती. घरात नुसती धांदल उडाली होती. आई यादी वाचत होती, बाबा मोज्यांचे गोळे करून बुटांत कोंबत होते, आत्या चष्मा शोधत होती आणि चष्मा तिच्या डोक्यावर होता.

“ताई, छत्री?” आईने विचारले.

“घेतली.”

“औषधांची पिशवी?”

“घेतली. म्हणजे... काढली होती, मग ठेवली... थांब, ती टेबलावर काय दिसतेय?”

“पासपोर्ट तरी घेतलास ना?” आजोबा खिडकीतून म्हणाले. हे त्यांनी सकाळपासून सातव्यांदा विचारले होते.

“हो अण्णा! गळ्यात बांधलाय, बघा!”

मग वजन करायची वेळ आली. बाबांनी मला चौकटीच्या खिळ्याला अडकवले आणि बॅग उचलून माझ्या आकड्यात टाकली.

“साडेचोवीस,” आईने वाचले.

“वजा दीड,” आत्या म्हणाली.

“तेवीस!” सगळे एका सुरात ओरडले.

विमानात मोठ्या बॅगेला तेवीसच किलोंची परवानगी होती. आईच्या शाळेतल्या एका बाईंची बॅग मागच्या वर्षी जास्त भरली होती, तर विमानतळावर सगळ्या रांगेसमोर ती उघडायला लावली. घाईघाईत त्यांनी वरवरचे सामान काढून सोडायला आलेल्या भावाच्या हातात दिले. पलीकडे उतरून बघतात तर जोडीतला एकच बूट सोबत आलेला! दुसरा भावाकडे. ही गोष्ट आईने त्या आठवड्यात इतक्यांदा सांगितली होती, की तो बूट मला ओळखीचा वाटू लागला होता.

तेवढ्यात मुंगी जिन्यावरून आली. छातीशी तिने दोन्ही हातांनी काहीतरी धरले होते.

“आत्या, हे ने.”

ती एक वही होती. कारखान्यात उरलेल्या कागदांच्या तुकड्यांची. काही पाने पांढरी, काही पिवळी, काही निळी, सगळी जाडजूड. दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या. पाठ थोडी तिरकी झाली होती आणि एका कोपऱ्यात खळ जास्त झाल्याने कापड सुरकुतले होते. पण मुंगीने ती एकटीने बांधली होती. तीन महिने, शाळेतून आल्यावर रोज.

“यात तीनशे सहासष्ट पानं आहेत,” ती म्हणाली. “रोज एक लिहायचं. मग वर्षाने आलीस की मी सगळं वाचणार.”

“वर्षाचे तीनशे पासष्टच ना गं?”

“एक विमानातल्या दिवसासाठी.”

बाबांनी वही हातात घेतली आणि त्यांचा हात खाली गेला. “मुंगे, ही वही आहे का वीट?”

आत्याने वही उघडली. मधल्या घडीवरून बोट फिरवत टाके पाहिले. “टाके सरळ आलेत. कुणी शिकवलं?”

“तू.”

आत्याने वही मिटून टेबलावर ठेवली. मग बॅगेकडे बघत हळूच म्हणाली, “कशी नेऊ गं ही? कणभरही जागा नाही. हातातल्या पिशवीत कागदपत्रं आणि डबाच मावतोय कसाबसा. असं कर, तिकडे कुणी येणारं असेल तर त्यांच्याबरोबर पाठव. दोनतीन महिन्यांत कुणी ना कुणी निघेलच.”

“म्हणजे तेवढी पानं कोरीच राहणार.”

हे खरेच होते. मुंगीने वही उचलली आणि खिडकीपाशी आजोबांच्या टेबलाखाली जाऊन बसली. टेबलाखालून फक्त तिचे पाय दिसत होते.

आजोबांनी त्या पायांकडे पाहिले. मग उठले, मला खिळ्यावरून काढले आणि म्हणाले, “मुंगे, वर ये. मला दोन हात कमी पडतायत.”

“काय करताय?”

“चार वर्षं हा बिचारा थापा मारतोय आणि आपण त्याला माफ करतोय. घड्याळवाल्याच्या घरात चुकीचा काटा! लाज आणली यानं मला. नाही, यानं नाही, मीच आणली. धर ही वाटी, स्क्रू सांडू नकोस.”

मित्रांनो, त्या पाऊण तासाचे वर्णन मी काय करू! आजोबांनी डोळ्याला भिंग लावले, माझे पत्रे उघडले, बारीक ब्रशने धूळ काढली, तेलाचा एक थेंब सोडला. मग माझ्या डोक्याखालची पितळी चकती एका एका आट्याने फिरवू लागले. “वर गेला?” “थोडा.” “आता?” “अजून थोडा.” “आता?” मुंगी नाक माझ्या पोटाला लावून बघत होती. तिचे रुसणे स्क्रूच्या वाटीत कुठेतरी विरघळून गेले होते.

“शून्य! आजोबा, शून्य!”

मग त्यांनी साखरेचा एक किलोचा पुडा पिशवीत घालून अडकवला. काटा एकवर येऊन थांबला. चार वर्षांनी मी खरे बोललो होतो.

“पाठीवरचा कागद?” मुंगीने विचारले.

“तो भिजवून काढू मग. आणि हे बघ, कुणाला सांगायचं नाही. ताई निघताना मी स्वतः जाहीर करणार. माझ्याकडून तिला निरोपाची भेट. बोललीस तर गंमत जाईल. शप्पथ?”

“शप्पथ.”

आजोबांनी मला पुन्हा खिळ्याला अडकवले, मोठ्या समाधानाने आरामखुर्चीत बसले आणि भिंग कपाळावर तसेच ठेवून घोरू लागले.

इकडे बॅग पुन्हा उघडली गेली होती. आत्याने जाड कोट बाहेर काढला, अंगावरच घालून जायचे ठरवून. त्या जागी आईने औषधे, टॉवेल आणि राहिलेल्या सतरा वस्तू भरल्या. साडेतीन वाजले. “शेवटचं वजन!” बाबा ओरडले आणि बॅग माझ्या आकड्यात टाकली. घाईत माझ्या रिकाम्या पोटाकडे कुणी पाहिलेच नाही.

“तेवीस,” आई म्हणाली.

“वजा दीड, साडेएकवीस!” आत्याने टाळी वाजवली. “कोट काढल्याचा केवढा फरक पडला! मुंगे, आण गं तुझी वही! दीड किलोची जागा झाली!”

मुंगी अशी धावली, की तिची एक चप्पल जिन्यात राहिली. वही सगळ्यात वर, मऊ टॉवेलवर ठेवली गेली. बाबा बॅगेवर बसले, आईने चेन ओढली, आणि पुन्हा मला ओझे मिळाले.

“साडेचोवीस, म्हणजे तेवीस. काटेकोर!” आत्याने मुंगीला उचलून एक गिरकी घेतली. “बघ, तुझ्या वहीसाठी जागा होतीच!”

बॅग काढली. माझा काटा सर्रकन वर गेला आणि शून्यावर थांबला.

सगळे पट्टे आवळण्यात गुंतले होते. फक्त मुंगी माझ्याकडे बघत होती. तिचे हसू आधी ओठांवरून गेले, मग डोळ्यांतून. तिला कळले. साडेचोवीस म्हणजे खरोखरचे साडेचोवीस.

मी तर टांगलेलाच होतो. मला ना तोंड, ना हात. खरे सांगायला माझ्याकडे एकच काटा आणि तो मी शून्यावर घट्ट धरून ठेवला होता. बघा कुणीतरी, बघा ना! पण जी बघत होती तिलाच ते बघायचे नव्हते. बोलले तर वही बाहेर येणार, आणि आजोबांची शप्पथही मोडणार. न बोलले तर? विमानतळावरही कदाचित कुणी काही म्हणणार नाही. कदाचित. तिने बॅगेकडे पाहिले. खाली कापडांत गुंडाळून हारीने ठेवलेली आत्याची हत्यारे तिला न उघडताही दिसत असावीत: टोचे, हातोडी, घडी दाबायची पट्टी, लोखंडी ठोकळा. रांगेत बॅग उघडायला लागली तर आत्या वही काढणार नाही, हे मुंगीला पक्के ठाऊक होते. आत्या हत्यारे काढेल. घाईघाईत, हाताला येतील ती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

“आत्या,” मुंगी म्हणाली. आवाज इतका बारीक, की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेला नाही. “आत्या! वजा करायचं नाही.”

“काय?”

“दीड वजा करायचं नाही. थापाड्या खरं बोलतोय. आजोबांनी त्याला दुरुस्त केलाय.”

पट्टे आवळणारे हात थांबले. फक्त आरामखुर्चीतून घोरणे ऐकू येत होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आजोबांकडे.

“अण्णा!” आत्या ओरडली.

आजोबा दचकून उठले. “पासपोर्ट घेतलास ना?”

“अण्णा, काटा दुरुस्त केलात आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! आत्ताच... अख्खं भाषण केलं मी...” मग त्यांनी कपाळावरचे भिंग चाचपले. “स्वप्नात केलं वाटतं.”

सगळ्यात आधी बाबा हसले. मग आई, मग आत्या. हसता हसता आत्या बॅगेवरच बसली. पण मुंगी हसत नव्हती. आत्या उठताच तिने स्वतः चेन उघडली, स्वतः वही बाहेर काढली आणि छातीशी धरली.

“असू दे,” ती म्हणाली. “तू नंतरच्या पानापासून लिही.”

आत्याने बाह्या सरसावून बॅगेत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून कापडात गुंडाळलेला लोखंडी ठोकळा ओढून काढला. हा ठोकळा तिला तिच्या शिक्षकांनी दिला होता. खळ वाळेपर्यंत नव्या पुस्तकावर वजन म्हणून तो ठेवायचा. तिने ठोकळ्याची गुंडाळी माझ्या आकड्यात अडकवली. आधी माझे शून्य बघितले, हे मी मुद्दाम सांगतो.

“दीड,” आईने वाचले.

“आता दे ती वीट.”

वही कापडात बांधून अडकवली. दीड. वर कणभर, इतकेच.

“पुस्तकावर ठेवायला वजनच हवं ना मला?” आत्या म्हणाली. “मग हे काय वाईट आहे? रात्री लिहायचं आणि दिवसा दाबायला ठेवायचं.”

“पण तो ठोकळा तुझ्या सरांचा आहे,” मुंगी म्हणाली.

“म्हणूनच तुझ्याकडे ठेवतेय. वर्षभर सांभाळ. गंज चढला तर आल्यावर बघते तुझ्याकडे. आणि पुढच्या वहीला खळ कमी लाव.”

वही पुन्हा टॉवेलवर गेली. बॅग माझ्या आकड्यात आली. तेवीस. कुणी काही वजा केले नाही. मग पळापळ, मिठ्या, “फोन कर गं”, “कोट घाल”, “उकडतंय रे”, आणि गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. बाबांना डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे झाले आणि ते म्हणाले, पिठाचा कण असेल.

मित्रांनो, माझे सांगणे थोडेच आहे. घरातली एखादी वस्तू चुकू लागली, तर तिला नाव ठेवून चालवून घेऊ नका. दुरुस्त करा. पाऊण तास लागतो. दुरुस्त केल्यावर मात्र सगळ्यांना सांगा आणि मगच डुलकी काढा. आणि माझ्यासारख्याकडून कुठलेही माप घेण्याआधी त्या म्हाताऱ्या रद्दीवाल्यासारखे शून्य बघून घ्या.

गाडी गेल्यावर मुंगी वर आली. घर मोठे झाल्यासारखे वाटत होते. तिने ठोकळ्याला तेलाचा हात फिरवला आणि तो आजोबांच्या टेबलावर ठेवला. मग मला खिळ्यावरून काढले, ओल्या फडक्याने माझ्या पाठीवरचा जुना कागद भिजवला आणि नखाने हळूहळू सोलून काढला. थोडी गुदगुली झाली. नंतर तिने निळ्या कागदाचा उरलेला एक तुकडा घेतला, जीभ बाहेर काढून त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिले, खळ अगदी कमी लावून तो माझ्या पाठीवर चिकटवला, आणि सगळ्यांना वाचून दाखवला:

‘हा खरं बोलतो. काहीही वजा करू नये. बाबांनी लोंबकळू नये.’